शस्त्र दिले, परतीची वाट गेली: बस्तरमधील सलवा जुडूमचा प्रकरण अभ्यास

जून 2005 मध्ये छत्तीसगडच्या दक्षिण टोकाला, बस्तर भागात, आज बिजापूर जिल्ह्यात मोडणाऱ्या पण तेव्हा दंतेवाडा जिल्ह्यात असलेल्या कुटरू परिसरात, अंबेली, करकेली या गावांच्या आसपास माओवाद्यांविरुद्ध सभा भरू लागल्या. काही आठवड्यांतच सभांचे मोर्चे झाले, मोर्च्यांबरोबर पोलीस आणि निमलष्करी दले चालू लागली आणि या माओवादविरोधी मोहिमेचे ‘सलवा जुडूम’ हे नाव देशभर पोहोचले. 5 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रयोगाचा सशस्त्र कणा, म्हणजे माओवादविरोधी कारवाईत विशेष पोलीस अधिकाऱ्यांचा (मानधनावर नेमलेल्या स्थानिक तरुणांचा) होणारा वापर, घटनाबाह्य ठरवला. मात्र त्या काळात हाती बंदूक घेतलेल्या तरुणांपैकी अनेकांच्या हातून ती पुढेही सुटली नाही, आणि त्या काळात गाव सोडून पळालेली अनेक कुटुंबे आजही परराज्यातील जंगलात कच्च्या झोपड्यांत राहत आहेत.

या प्रकरणावर आजवर झालेली बहुतेक चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरली आहे. हा उठाव उत्स्फूर्त होता की शासनपुरस्कृत, आणि अत्याचार कोणी अधिक केले, जुडूमने की माओवाद्यांनी? दोन्ही प्रश्न आवश्यकच आहेत. मात्र दीर्घकाळ चाललेल्या प्रादेशिक संघर्षांत स्थानिक सशस्त्र गटांची भूमिका समजून घ्यायची असेल, तर तिसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो: असा गट विसर्जित करणे इतके अवघड का होऊन बसते? बस्तरमध्ये शासनाने गावातील काहींना त्याच गावातील इतरांविरुद्ध शस्त्र दिले, आणि त्यानंतर ते शस्त्र परत घेणे शासनाच्याही हाती राहिले नाही. शस्त्रधाऱ्याला घरी परतता येईना, म्हणून त्याला शस्त्रधारीच ठेवावे लागले. संघर्ष लांबण्याचे एक मोठे कारण या साध्या गोष्टीत आहे, असे मला वाटते.

असंतोष खरा होता

आंध्रातून गोदावरी ओलांडून नक्षलवाद्यांची पहिली पथके 1980 च्या सुमारास बस्तर आणि गडचिरोलीत आली. त्यांना आधार मिळाला तो वनरक्षकांची वसुली, पटवाऱ्याची मनमानी आणि तेंदूपत्त्याची नगण्य मजुरी यांमुळे. पत्त्याच्या पुड्याला मिळणारा दर त्यांच्या दबावामुळे वाढला, जंगलात शेती करणाऱ्यांना हुसकावणे कमी झाले, आणि गावोगावी ‘संघम’ नावाच्या समित्या उभ्या राहिल्या. गावाचे निर्णय पूर्वी पटेल, मांझी आणि पुजारी या परंपरागत घराण्यांच्या हाती असत. संघमने त्या अधिकाराला धक्का दिला. जास्त जमीन बाळगणाऱ्यांकडून जमीन काढून ती इतरांना देण्याचे प्रकार झाले. दुखावलेली घराणी गावातच राहिली आणि संधीची वाट पाहू लागली.

असंतोष केवळ मुखियांपुरता होता असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. खबऱ्या असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी केलेल्या हत्या, रस्ते आणि सार्वजनिक कामांना त्यांनी केलेला विरोध, आणि तेंदूपत्ता तोडणीवर वेळोवेळी घातलेली बंदी यांमुळे सामान्य कुटुंबेही वैतागली होती. वर्षाच्या रोख उत्पन्नाचा मोठा हिस्सा उन्हाळ्यातील त्या काही दिवसांवर अवलंबून असतो. ते दिवस वाया गेले की घरातील मीठ, तेल आणि कपडे यांचा हिशेब बिघडतो. 2005 च्या उन्हाळ्यात कुटरू भागात जे लोक प्रथम एकत्र आले, त्यांच्यापैकी अनेकांचे दुःख खरे होते, आणि जुडूमवर टीका करणाऱ्यांनी ते नाकारण्याचे कारण नाही.

अशा प्रकारचा हा पहिला प्रयत्नही नव्हता. 1990-91 मध्ये महेंद्र कर्मा यांच्या पुढाकाराने ‘जन जागरण अभियान’ झाले होते. कर्मा हे मूळचे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे आमदार, नंतर काँग्रेसचे नेते. ते अभियान काही काळातच विरले. 2005 मध्ये तसे झाले नाही, कारण या वेळी शासन पूर्ण ताकदीने त्यात उतरले.

अभियानाचे दल कसे झाले

2004 च्या सप्टेंबरमध्ये पीपल्स वॉर आणि माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर यांच्या विलीनीकरणातून भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) स्थापन झाला होता, आणि दिल्लीपासून रायपूरपर्यंत त्याची धास्ती होती. छत्तीसगडमध्ये रमणसिंह यांचे भारतीय जनता पक्षाचे सरकार होते आणि कर्मा विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. सत्ताधारी आणि विरोधी पक्षनेता एकाच मोहिमेमागे उभे राहिल्यामुळे विधानसभेत प्रश्न विचारणारे फारसे कोणी उरले नाही. विरोधाचा आवाज राहिला तो प्रामुख्याने मनीष कुंजाम यांच्यासारख्या स्थानिक कम्युनिस्ट आदिवासी नेत्यांचा आणि नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांचा. त्याच 2005 च्या जून-जुलैमध्ये टाटा आणि एस्सार या समूहांशी बस्तरमधील पोलाद प्रकल्पांचे करार झाले. या योगायोगामुळे, जमीन मोकळी करण्यासाठीच जुडूम उभी केली, असा आरोप होत राहिला. मी तो आरोप सिद्ध मानत नाही. टाटांचा प्रस्तावित लोहंडीगुडा प्रकल्प जुडूमच्या मुख्य पट्ट्याबाहेर होता. मात्र आपली जमीन कोणाला तरी हवी आहे, ही भीती या करारांमुळे गावकऱ्यांच्या मनात पक्की झाली, हे नाकारता येत नाही.

कार्यपद्धती ठरावीक होती. मोर्चा एखाद्या गावात जाई आणि संघमच्या सदस्यांनी शरण यावे व गावाने जुडूममध्ये सामील व्हावे, असे सांगितले जाई. जे गाव नकार देई किंवा जंगलात पळून जाई, तेथील घरे जाळली जात, धान्य आणि कोंबड्या-बकऱ्या लुटल्या जात. सामील झालेल्यांना रस्त्याकडेच्या शिबिरांत आणून वसवले जाई. दोरनापाल, कोंटा, एर्राबोर, भैरमगड, बासागुडा, मिरतूर, गंगालूर अशी शिबिरे उभी राहिली. एका टप्प्यावर त्यांतील लोकसंख्या 50,000 च्या आसपास असल्याचे सांगितले जात होते आणि 644 गावे या मोहिमेच्या कक्षेत आल्याचा शासकीय दावा होता. ज्या गावांनी साथ दिली नाही, त्यांचा आठवडी बाजार, रेशन, शाळा आणि दवाखाना तुटला. ज्या भागात मीठही बाजारातूनच येते, तेथे बाजार तुटणे म्हणजे गावाची नाकेबंदीच होय.

गावात राहिलेला तो माओवाद्यांचा, शिबिरात आलेला तो सरकारचा, अशी वाटणी यातून झाली. तोवर बहुतेक गावे दोन्ही बाजूंना सांभाळून राहत होती: रात्री आलेल्या दलमला, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र पथकाला, जेवण द्यायचे आणि दिवसा आलेल्या पोलिसाला पाणी द्यायचे. जगण्याची हीच रीत होती, आणि नेमकी तीच जागा संपली. संघर्षग्रस्त भागात सामान्य माणसाला तटस्थ राहण्याची मुभा असेल, तर लढणाऱ्यांना माणसे मिळणे अवघड जाते. जुडूमने ती मुभा काढून घेतली, आणि त्याचा लाभ शासनाइतकाच माओवाद्यांनाही झाला. जाळलेल्या गावातील तरुणांना जाण्यासाठी दुसरी जागाच उरली नव्हती.

एसपीओ

शिबिरांतील तरुणांतून विशेष पोलीस अधिकारी नेमले गेले. बस्तरमध्ये त्यांना ‘एसपीओ’ म्हणत, आणि पुढे त्यांच्या तुकड्यांना ‘कोया कमांडो’ हे नाव पडले. 1861 च्या पोलीस कायद्यातील विशेष पोलीस अधिकारी ही तरतूद दंगल किंवा तात्पुरत्या गडबडीच्या वेळी नागरिकांची मदत घेण्यासाठी होती, आणि 2007 च्या छत्तीसगड पोलीस कायद्यातही ती आली. या तरतुदीखाली हजारो आदिवासी तरुणांना जंगलातील युद्धात पुढे ठेवण्यात आले. सुरुवातीचे मानधन महिना 1,500 रुपये होते, न्यायालयात प्रकरण निकाली निघाले तेव्हा ते 3,000 रुपये झाले होते आणि एसपीओंची संख्या 6,500 होती. मानधनाचा खर्च केंद्र सरकार सुरक्षाविषयक खर्चाच्या योजनेतून भरून देत असे. किमान शिक्षण पाचवी उत्तीर्ण आणि प्रशिक्षण सुमारे दोन महिने, ज्यात शस्त्र चालवण्यापासून भारतीय दंड संहितेपर्यंत सगळे शिकवल्याचे राज्याने शपथपत्रात सांगितले. काही एसपीओ अठरा वर्षांखालील असल्याचेही मानवी हक्क संघटनांनी नोंदवले होते.

यांच्यात तीन प्रकारचे तरुण होते. काहींच्या घरातील माणूस माओवाद्यांनी मारला होता. काही स्वतः संघममध्ये होते आणि शरण आल्यानंतर, आपण खरोखर बाजू बदलली हे दाखवण्यासाठी, त्यांना बंदूक घ्यावी लागली. उरलेल्यांना शिबिरात दुसरे काम नव्हते, कारण शेत मागे गावात पडले होते. पोलिसांना हे तरुण मोलाचे वाटत. त्यांना पायवाटा ठाऊक होत्या, भाषा येत होती आणि चेहरे ओळखता येत होते. नाक्यावर बस थांबवून कोणाला उतरवायचे, हे एसपीओच्या बोटावर ठरे. ज्याच्याकडे बोट केले तो अनेकदा त्याच्याच पंचक्रोशीतील असे, पुष्कळदा नात्यातीलही. बाहेरून आलेल्या जवानाने केलेला अन्याय गाव शासनाच्या खात्यावर लिहिते. शेजारच्या घरातील मुलाने केलेला अन्याय मात्र त्या घराच्या नावावर राहतो, आणि जवानासारखी त्या मुलाची बदली होत नाही.

माओवाद्यांनी या तरुणांना आणि त्यांच्या कुटुंबांना ठरवून लक्ष्य केले, आणि त्या क्रौर्याला सूडाचे कारण देऊन सौम्य करता येणार नाही. 28 फेब्रुवारी 2006 रोजी दरभागुडाजवळ जुडूमच्या सभेहून परतणाऱ्या लोकांचा ट्रक भूसुरुंगाने उडवण्यात आला. 17 जुलै 2006 च्या पहाटे एर्राबोर शिबिरावर हल्ला करून 30 हून अधिक माणसे मारण्यात आली आणि झोपड्यांना आग लावण्यात आली, मृतांत मुलेही होती. 15 मार्च 2007 रोजी राणीबोदली येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात 55 जण मारले गेले, त्यांपैकी 39 एसपीओ होते. नियमित पोलिसांच्या दुपटीहून अधिक संख्येने मेले ते मानधनावरचे तरुण. दुसऱ्या बाजूला, 8 जानेवारी 2009 रोजी सिंगारम येथे एसपीओंच्या सहभागाने झालेल्या गोळीबारात 19 आदिवासी मारले गेले. ती चकमक असल्याचे पोलिसांनी सांगितले आणि हत्याकांड असल्याचे गावकऱ्यांनी. मार्च 2011 मध्ये ताडमेटला, मोरपल्ली आणि तिमापूरम ही तीन गावे जाळली गेली. मदत घेऊन निघालेले सामाजिक कार्यकर्ते स्वामी अग्निवेश यांच्यावर दोरनापाल येथे हल्ला झाला. या दोन्ही घटनांची चौकशी न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवली.

दोरनापालपासून सुमारे 56 किलोमीटरवर असलेल्या जगरगुंडा या गावाची अवस्था या काळाचे स्वरूप जवळून दाखवते. एकेकाळी मोठा बाजार भरणारे हे गाव जुडूमचे शिबिर झाल्यावर काटेरी तारेने वेढले गेले. ये-जा फाटकांतून आणि ठरलेल्या वेळीच होई. रस्ते माओवाद्यांनी खणून ठेवल्यामुळे धान्य आणि रॉकेल शेकडो जवानांच्या बंदोबस्तात, कधी कधी अनेक महिन्यांतून एकदा येई. तारेच्या आतील लोकांची शेते बाहेर होती, आणि तिकडे जाणे जिवावर बेतणारे होते. शाळा बंद पडून मुले दोरनापालला, बांबूच्या निवासी शाळांत गेली. या शाळांना तिकडे ‘पोटा केबिन’ म्हणतात. जगरगुंड्याची शाळा पुन्हा सुरू झाली ती 2019 मध्ये. तोवर शाळेविना गेलेली तिथली पिढी तरुण झाली होती.

निकाल, आणि निकालानंतरचे रूपांतर

समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर, इतिहासकार रामचंद्र गुहा आणि माजी सनदी अधिकारी ई. ए. एस. शर्मा यांनी 2007 मध्ये याचिका दाखल केली. मनीष कुंजाम, करतम जोगा आणि दूधी जोगा यांची याचिकाही सोबत होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2008 मध्ये सादर केलेल्या अहवालात जुडूमला माओवादी अत्याचारांविरुद्धची प्रतिक्रिया मानले, मात्र घरे जाळण्याचे आणि लुटीचे प्रकार घडल्याचेही नोंदवले. न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी आणि एस. एस. निज्जर यांच्या पीठाने 2011 च्या निकालात राज्यघटनेच्या 14 आणि 21 या अनुच्छेदांचा आधार घेतला. अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना तुटपुंज्या मानधनावर नियमित पोलिसांचे धोकादायक काम देणे हे समतेच्या आणि जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे, आणि त्या तरुणांच्या जिवाचे तसेच इतरांच्या जिवाचे मोल त्यात राखले जात नाही, असा त्याचा आशय होता. मारल्या गेलेल्या तरुणाच्या बाजूनेही हा निकाल बोलला, ही त्याची मोठी बाजू आहे. शस्त्रे परत घ्यावीत, आणि शस्त्रे परत घेतलेल्यांना संरक्षण द्यावे, असे दोन्ही आदेश त्यात होते.

पहिला आदेश अमलात आणायचा तर दुसरा आधी अमलात यायला हवा होता, कारण निःशस्त्र एसपीओ गावी परतला तर तो जिवंत राहील याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. राज्याने सोपी वाट धरली. 2011 मध्येच छत्तीसगड सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा करून पात्र एसपीओंना सहायक आरक्षक (पोलीस शिपाई) म्हणून सामावून घेण्यात आले. त्यानंतर जिल्हा राखीव दल, म्हणजे डीआरजी, एकेका जिल्ह्यात वाढत गेले: बिजापूरला 2013 मध्ये, सुकम्याला 2014 मध्ये, दंतेवाड्याला 2015 मध्ये. शरण आलेले माओवादी आणि पूर्वीचे एसपीओ हा त्याचा मोठा आधार ठरला. 2011 चा कायदा म्हणजे न्यायालयाचा अवमान आहे, या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निर्णय दिला की विधिमंडळाने कायदा करणे हा अवमान ठरत नाही. त्याच वेळी, छत्तीसगडमध्ये शांतता आणि पुनर्वसनासाठी पावले उचलणे हे राज्य आणि केंद्र दोघांचे कर्तव्य असल्याचेही न्यायालयाने म्हटले.

केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी ऑगस्ट 2025 मध्ये, सुदर्शन रेड्डी उपराष्ट्रपतिपदाचे उमेदवार असताना, हा निकाल आला नसता तर माओवाद 2020 पूर्वीच संपला असता, असे म्हटले. घटनाक्रम पाहता हे पटत नाही. निकालापूर्वीची सहा वर्षे प्रयोगाला पूर्ण मुभा होती, आणि त्याच सहा वर्षांत माओवाद्यांनी बस्तरमध्ये आपले सर्वांत मोठे हल्ले केले. 6 एप्रिल 2010 रोजी ताडमेटल्याजवळ 76 जवान मारले गेले, तेव्हा हा निकाल पंधरा महिने दूर होता. शिवाय निकालानंतरही तरुणांची शस्त्रे गेली नाहीत, फक्त पदनाम बदलले. 25 मे 2013 रोजी झीरम घाटीत काँग्रेसच्या ताफ्यावर हल्ला करून माओवाद्यांनी महेंद्र कर्मा यांची हत्या केली, त्यात प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष नंदकुमार पटेल यांच्यासह अनेक जण मारले गेले. जुडूम कागदोपत्री संपून दोन वर्षे झाली होती, तिचे वैर संपले नव्हते.

डीआरजी परिणामकारक ठरले, हे मान्य करायला हवे. 21 मे 2025 रोजी माओवाद्यांचे सरचिटणीस बसवराजू नारायणपूर जिल्ह्यात मारले गेले, त्या मोहिमेत हेच दल पुढे होते. मात्र डीआरजीकडे नियमित वेतन, आदेशाची साखळी आणि दीर्घ प्रशिक्षण आहे, जे जुडूमकडे नव्हते. या यशाचे श्रेय जुडूमला देणे म्हणजे तिच्यातून जे दुरुस्त करावे लागले त्याचेच श्रेय तिला देणे होय. आणि किंमत अजूनही स्थानिक तरुणच मोजत आहेत. 6 जानेवारी 2025 रोजी कुटरू ठाण्याच्या हद्दीत अंबेलीजवळ झालेल्या स्फोटात डीआरजीचे आठ जवान आणि वाहनचालक ठार झाले. त्या आठांपैकी पाच जण पूर्वाश्रमीचे माओवादी होते.

इंद्रावतीच्या अलीकडे

महाराष्ट्रातील वाचकाला ही तुलना सहज करता येते, कारण भामरागड आणि सिरोंचा तालुक्यांच्या पलीकडे इंद्रावती ओलांडली की बिजापूर लागते. बोली, नातीगोती आणि माओवाद्यांची पथके दोन्ही काठांवर तीच होती. गडचिरोलीत 1990 मध्ये सी-60 हे नक्षलविरोधी पथक स्थानिक तरुणांतूनच उभे राहिले, मात्र ते पोलीस भरतीतून आलेले, वेतन आणि निवृत्तिवेतन असलेले पोलीस होते. 2003 पासूनच्या गावबंदी योजनेत गावाने नक्षलवाद्यांना प्रवेश नाकारण्याचा ठराव करायचा आणि शासनाने विकासनिधी द्यायचा, अशी रचना होती. बंदूक गावाच्या हाती दिली गेली नाही आणि गावे रिकामी करून शिबिरांत आणली गेली नाहीत. गडचिरोलीतही खबऱ्या ठरवून गावकऱ्यांच्या हत्या झाल्या, आणि सी-60 वरही बळाच्या वापराबाबत आरोप झाले. तरीही शेकडो गावांचे विस्थापन येथे झाले नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचे ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. परतीचा विचार करता येईल अशी जागा या जिल्ह्यात टिकून राहिली, यात 1990 आणि 2003 च्या त्या निर्णयांचा वाटा आहे, असे माझे मत आहे.

राहिले ते पळून गेलेले

शिबिरांत न जाता हजारो कुटुंबे तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात, भद्राचलमच्या आसपास गेली. आज त्यांच्या वस्त्या तेलंगणातील भद्राद्री कोत्तगुडेम आणि मुलुगू या जिल्ह्यांत विखुरल्या आहेत. तेथे त्यांना गुत्ती कोया म्हणतात. मिरचीच्या शेतांवर मजुरी करायची आणि जंगलात पोडू शेती (झाडे तोडून-जाळून केलेली शेती) करायची, हा त्यांचा उदरनिर्वाह आहे. वनखाते अधूनमधून झोपड्या पाडते आणि पिके उपटते. छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातीत असलेल्या या कुटुंबांना तेलंगणात तो दर्जा मिळत नाही, त्यामुळे तेथील वनजमिनीवर त्यांचा हक्क उभा राहत नाही. गावी परतावे, तर काहींच्या जमिनी इतर लोक कसत आहेत, आणि ज्याने घर जाळले तो आता वर्दीत आहे.

यावर उपाय कायद्याच्या चौकटीत शोधता येतो. प्रत्येक रिकाम्या झालेल्या गावाची ग्रामसभेच्या साक्षीने नोंद घेणे, कोणाची जमीन कोणाकडे आहे हे निश्चित करणे, आणि परतायचे की आहे तेथे राहायचे हा निर्णय कुटुंबावर सोपवणे, एवढे काम दोन्ही राज्ये मिळून करू शकतात. मात्र त्यासाठी ज्या तरतुदीकडे बोट दाखवले जाते, तिच्यातच अडथळा आहे. वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(ड) प्रमाणे, बेकायदा हुसकावलेल्या आदिवासींना पर्यायी जमिनीसह पुनर्वसनाचा हक्क आहे, पण 13 डिसेंबर 2005 पूर्वी विस्थापित झालेल्यांनाच. कोंटा भागात जुडूम पोहोचली ती 2006 च्या सुरुवातीला, आणि गोदावरीपलीकडे पळालेल्यांपैकी पुष्कळ कुटुंबे त्याच भागातील आहेत.